मुलाच्या पदवीदानाला बर्मिंगहॅमला जाताय? स्वस्त हॉटेलचा खरा हिशेब

गेल्या काही वर्षांत आपल्या कसब्यातली, कोंढव्यातली, कॅम्पातली बरीच मुलं-मुली मास्टर्ससाठी इंग्लंडला गेली. कोणी बँकेचं कर्ज काढलं, कोणी गावाकडची जमीन विकली, कोणाच्या अम्मीचे दागिने गेले. वर्ष संपतं आणि घरी फोन येतो, "अब्बा, कॉन्व्होकेशन आहे, तुम्ही दोघं या." घरात आनंद असतो, पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: राहायचं कुठे, आणि किती पैसे लागतील? शाळेत पालक भेटतात तेव्हा हेच विचारतात. म्हणून एका शहराचं उदाहरण घेऊन सगळं एका जागी लिहून ठेवतो. शहर घेतलंय बर्मिंगहॅम, कारण आपल्याकडची मुलं तिथे बरीच आहेत आणि आपल्या कुटुंबांसाठी ते सोयीचंही आहे. लेस्टर, मँचेस्टर, कॉव्हेंट्रीला जाणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

बर्मिंगहॅमची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ११ लाख ४४ हजार होती आणि त्यातले २९.९ टक्के लोक मुस्लिम. म्हणजे मशीद, हलाल जेवण, उर्दू बोलणारा दुकानदार यांची अडचण नाही. रत्नागिरी-रायगडकडची कोकणी मुस्लिम कुटुंबंही तिथे जुनी आहेत. अडचण आहे ती खर्चाची, आणि खर्चाचं गणित आपण इथल्या सवयीने मांडतो तिथे ते चुकतं.

आधी एक गोष्ट मुलाला विचारून घ्या: समारंभाला पाहुण्यांची तिकिटं किती? बऱ्याच विद्यापीठांत एका विद्यार्थ्यामागे दोनच मिळतात. बाकीच्यांना बाहेर बसून मोबाइलवर थेट प्रक्षेपण बघावं लागतं, आणि ते पुण्यात बसूनही दिसतं. खाला, मामू, चाची सगळे निघायच्या आधी हे समजलेलं बरं. समारंभ नेमका कुठे आहे तेही विचारा. तो विद्यापीठाच्या आवारातच असेल असं नाही. काही विद्यापीठं शहरातलं मोठं सभागृह घेतात.

आधी व्हिसा की आधी हॉटेल?

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. एजंट सांगतो, हॉटेलचं बुकिंग दाखवल्याशिवाय व्हिसा होत नाही. मग घाईघाईने परत न मिळणाऱ्या पैशांचं बुकिंग होतं, किंवा "डमी बुकिंग" म्हणून हजार-दोन हजार रुपये जातात. ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसासाठी हे खरं नाही. ब्रिटिश सरकारच्या कागदपत्रांच्या मार्गदर्शिकेत जे कागद जोडू नका म्हणून यादी दिली आहे, तिच्यात हॉटेलचं बुकिंग आहे आणि विमानाचं तिकीटही आहे; तिकिटाला सूट फक्त ट्रान्झिटवाल्यांना. अर्जात कुठे राहणार ते विचारतात, तिथे तुमच्या बेतातलं ठिकाण लिहायचं. त्यांना पाहायचं असतं ते वेगळंच: तुमचं उत्पन्न, बँकेचे व्यवहार, पुण्यात तुमचं काय काय आहे आणि तुम्ही परत येणार का. मुलाचं आमंत्रणपत्र आणि विद्यापीठाचं समारंभाचं पत्र उपयोगी पडतं. मुलगा स्वतः विद्यार्थी असेल तर "खर्च तोच करणार" असं लिहू नका. त्याच्या खात्यात तेवढे पैसे कुठून आले, हा प्रश्न मग उभा राहतो.

अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच करता येतो आणि निकालाला साधारण तीन आठवडे लागतात. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायची गरज नाही, पुण्यात केंद्र आहे. आता अडचण अशी, की हॉटेल जितकं लवकर घ्याल तितकं स्वस्त, आणि व्हिसा मात्र उशिरा हातात येतो. मग करायचं काय? समारंभाची तारीख कळली की लगेच "फ्री कॅन्सलेशन" असलेली खोली धरून ठेवा. ती थोडी महाग दिसेल, दिसू दे. व्हिसा मिळाला की पुन्हा एकदा दर बघा. त्या दिवशी परत न मिळणाऱ्या दरात बरीच स्वस्त खोली मिळत असेल तर ती घ्या आणि आधीची रद्द करा. रद्द करायची शेवटची तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती वेळ इंग्लंडची असते. हिवाळ्यात ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतात, उन्हाळ्यात साडेचार.

स्वस्त हॉटेलांच्या साखळ्यांत साधारण तीन दर दिसतात: पैसे परत न मिळणारा, काही दिवस आधीपर्यंत बदलता येणारा, आणि त्याच दिवशी दुपारपर्यंत रद्द करता येणारा. नावं प्रत्येकाची वेगळी. तिकिटाच्या खिडकीवर "कन्फर्म की वेटिंग" विचारतो, तसं हे विचारल्याशिवाय कार्डाचा नंबर टाकायचा नाही.

खोली माणसं मोजून मिळते

आपल्याकडे लॉजवर "एक गादी जादा टाका" म्हटलं की काम होतं. तिथे होत नाही. आगीच्या सुरक्षेमुळे एका खोलीत किती माणसं झोपणार हे ठरलेलं असतं. प्रीमियर इन आणि ट्रॅव्हलॉज या दोन मोठ्या साखळ्यांच्या फॅमिली रूमचा अर्थ दोन मोठी माणसं आणि सोळा वर्षांखालची दोन मुलं, एवढाच. तुमच्याबरोबर सतरा वर्षांची मुलगी किंवा दादीअम्मा असेल तर ती तिसरी मोठी व्यक्ती झाली आणि दुसरी खोली घ्यावी लागते. बजेट इथेच दुप्पट होतं. म्हणून बुकिंग करताना वयं खरी लिहा. "तिथे गेल्यावर सांगू" चालत नाही. रात्री दहाला रिसेप्शनवर दुसरी खोली मागितली तर त्या रात्रीचा दर पडतो, आणि तो सगळ्यात चढा असतो.

मुलाच्याच खोलीवर राहू, हा विचार प्रत्येक घरात होतो. करार वाचून बघा. विद्यार्थी वसतिगृहात पाहुण्याला सहसा मोजक्या रात्री राहता येतं, तेही आधी कळवून, आणि एका वेळी एकच. चार-पाच मुलांनी मिळून घेतलेल्या घरात बाकीच्या मुलांचाही विचार हवा. आई-वडिलांना दहा दिवस खोलीत ठेवलं म्हणून मुलाला नोटीस आली, तर त्याच्या डिपॉझिटवर आणि पुढच्या घराच्या शिफारशीवर येतं. एक-दोन जेवणं तिकडे बनवा, कपडे धुवायला तिकडे द्या, पण झोपायची सोय स्वतंत्र ठेवा. उलट बाजूही सांगतो: समारंभाच्या रात्री मुलगा "इथेच झोपतो" म्हणून तुमच्या हॉटेलच्या खोलीत राहिला, तर त्याचं नावही बुकिंगमध्ये हवं.

पाच रात्रींहून जास्त राहायचं असेल तर अपार्ट-हॉटेल नावाचा प्रकार बघा. खोलीतच छोटी शेगडी, फ्रिज, चार भांडी असतात. रात्रीचा दर जास्त दिसतो, पण घरून नेलेला मसाला आणि तिथे विकत घेतलेलं हलाल चिकन यांच्यावर चार जणांचं जेवण होतं तेव्हा तो फरक भरून निघतो. दोन-तीन रात्रींसाठी मात्र हे परवडत नाही. काही ठिकाणी साफसफाईचे पैसे वेगळे लावतात.

जागा कुठली?

बुकिंगच्या साइटवर "बर्मिंगहॅम" टाकलं की स्वस्तातली पहिली नावं बहुतेक विमानतळाजवळची किंवा मोटारवेच्या कडेची येतात. हे स्वाभाविक आहे, ही हॉटेलं गाडीवाल्यांसाठीच जन्माला आली. ब्रिटनमधलं पहिलं ट्रॅव्हलॉज १९८५ मध्ये स्टॅफर्डशायरमध्ये हमरस्त्याच्या कडेला उघडलं, बर्मिंगहॅमपासून ते फार लांब नाही. प्रीमियर इन ही व्हिटब्रेडची कंपनी; व्हिटब्रेड म्हणजे १७४२ पासूनचे बिअर बनवणारे. बिअरचे कारखाने त्यांनी विकले, पण शहराबाहेरच्या त्यांच्या बऱ्याच हॉटेलांना अजून पब चिकटलेला असतो आणि संध्याकाळी जेवायचं तर तिथेच. आपल्या लोकांना ते अवघड जातं. शहराच्या मध्यातल्या हॉटेलांत खाली बार असला तरी दार उघडून बाहेर पडलं की दुसरे पर्याय असतात.

विमानतळ आणि एनईसी प्रदर्शन केंद्र शहराच्या पूर्वेला, मध्यापासून साधारण १३ किलोमीटरवर. बर्मिंगहॅम विद्यापीठ आहे एजबॅस्टनला, म्हणजे बरोबर दुसऱ्या अंगाला, नैर्ऋत्येला. लोहगावला उतरायचं, तिथेच खोली घ्यायची आणि रोज कोथरूडला लग्नघरी जायचं, तसा हा प्रकार. पहाटेचं विमान असेल तर शेवटची एक रात्र तिकडे घ्या, बाकीच्या नको.

मध्य भागात न्यू स्ट्रीट आणि मूर स्ट्रीट ही दोन रेल्वे स्टेशनं, डिगबेथचं कोच स्टेशन आणि बुलरिंगचा बाजार सगळं एकमेकांपासून चालत अंतरावर आहे. हीथ्रोला उतरणारे नॅशनल एक्सप्रेसच्या बसने थेट डिगबेथला येऊ शकतात. आधी तिकीट काढलं तर रेल्वेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. बर्मिंगहॅमलाच उतरलात तर टर्मिनलपासून रेल्वे स्टेशनपर्यंत फुकट गाडी आहे आणि तिथून न्यू स्ट्रीट जवळ. न्यू स्ट्रीटहून बर्मिंगहॅम विद्यापीठाला जायला क्रॉस-सिटी लाइनवर "युनिव्हर्सिटी" नावाचंच स्टेशन आहे, आठ-दहा मिनिटांत पोहोचतो. ॲस्टन विद्यापीठ तर मध्यातच आहे. बर्मिंगहॅम सेंट्रल मशीद बेलग्रेव्ह मिडलवेवर, बाजारापासून दीड-दोन किलोमीटर. स्ट्रॅटफर्ड रोड, लेडीपूल रोड, स्मॉल हीथमधला कॉव्हेंट्री रोड इथे हलाल हॉटेलांची रांगच आहे, आणि मध्यातून तिकडे सतत बस असतात. इंग्लंडात २०२५ च्या जानेवारीपासून बहुतेक बसच्या एकेरी तिकिटाला ३ पौंडांची कमाल मर्यादा घातली आहे. त्यामुळे बसचा खर्च आधीच मांडता येतो.

मग स्पार्कब्रुक किंवा स्मॉल हीथमध्येच छोटं हॉटेल का घेऊ नये? घ्या, पण परीक्षणं वाचून, तीही अलीकडची. तिथली स्वस्त गेस्ट हाऊसेस काही चांगली आहेत, काहींत पूर्ण मजल्याला एक बाथरूम असतो. "शेअर्ड बाथरूम" हे शब्द बारीक अक्षरात असतात. पर्दा करणाऱ्या बायकांना रात्री गॅलरीतून जावं लागणार असेल तर वाचलेल्या दहा पौंडांचा काय उपयोग? मध्यातल्याही काही स्वस्त साखळ्यांत बिनखिडकीच्या खोल्या असतात. एका रात्रीला ठीक, चार रात्रींना नाही.

लंडनहून किंवा लेस्टरहून नातेवाईक गाडी घेऊन भेटायला येणार असतील तर त्यांना एक आठवण करा. १ जून २०२१ पासून शहराच्या मध्य भागात क्लीन एअर झोन आहे. जुनी डिझेल किंवा फार जुनी पेट्रोल गाडी आत आणली तर दिवसाला ८ पौंड भरावे लागतात, रविवार-सुट्टी काही नाही, आणि नाही भरले तर दंड. नंबर टाकला की सरकारी साइटवर कळतं. हॉटेलचं पार्किंगही मध्य भागात बहुधा वेगळ्या पैशांचं.

एक हिशेब मांडून बघू

आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, तुमच्या तारखेचे तुम्ही घाला. अब्बा, अम्मी आणि बारा वर्षांची लहान बहीण, मुक्काम चार रात्री. पौंड १२० रुपयांचा धरू.

विमानतळाकडची फॅमिली रूम रात्रीला ५० पौंड, म्हणजे चार रात्रींचे २००. मध्यातली ७५, म्हणजे ३००. घरचा शहाणा माणूस इथेच थांबतो आणि म्हणतो, शंभर पौंड वाचले, बारा हजार रुपये! आता पुढे चला. विमानतळाकडून समारंभाला, मशिदीला, जेवायला जायचं तर थंडीत लहान मुलीला घेऊन बहुतेक टॅक्सीच होते. जाऊन-येऊन दिवसाला ४० पौंड धरले तर १६०. मध्यातून बस आणि लोकल मिळून चार दिवसांत ४० पौंड धरा. बेरीज: लांबचं हॉटेल ३६०, जवळचं ३४०. रुपयांत ४३,२०० आणि ४०,८००. वर दुपारी नमाजला खोलीवर येता येतं, कपडे बदलता येतात, दमलेल्या अम्मीला तासभर पडता येतं. त्याची किंमत मी धरलेलीच नाही.

कार्डाचाही खर्च असतो. आपल्याकडच्या पुष्कळ कार्डांवर परदेशी चलनाच्या व्यवहाराला ३.५ टक्क्यांपर्यंत जादा आकार आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. ३०० पौंडांच्या खोलीवर हे जवळपास दीड हजार रुपये झाले. मुलाचं तिथल्या बँकेचं डेबिट कार्ड असेल तर बुकिंग त्याने करावं. पण मुख्य पाहुणा म्हणून तुमचं नाव लिहायला सांगा, नाहीतर तुम्ही दुपारी रिसेप्शनवर आणि मुलगा लेक्चरला किंवा नोकरीवर, अशी पंचाईत. दाखवलेल्या दरात २० टक्के व्हॅट धरलेला असतो, तो वर लागत नाही. मँचेस्टरला जाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा: तिथे मध्य भागातल्या हॉटेलांत १ एप्रिल २०२३ पासून खोलीमागे रात्रीला १ पौंड आणि त्यावर व्हॅट असा शहराचा आकार घेतात.

तारखेवर दर ठरतो

एका वर्षाचं मास्टर्स करणाऱ्यांचा समारंभ बहुधा हिवाळ्यात येतो. बर्मिंगहॅम विद्यापीठाचे मुख्य हंगाम जुलै आणि डिसेंबर. डिसेंबरात शहरात जर्मन पद्धतीचा ख्रिसमस बाजार असतो, नोव्हेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत, आणि तो बघायला लांबून लोक येतात. शुक्रवार-शनिवारचे दर अशा वेळी कुठल्या कुठे जातात. समारंभ बुधवारी असेल तर सोमवार ते शुक्रवार राहा, शनिवार-रविवार नातेवाइकांकडे किंवा दुसऱ्या गावी काढा. मार्चमध्ये एनईसीला कुत्र्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, त्या दिवसांत विमानतळाकडची "स्वस्त" हॉटेलंही स्वस्त राहत नाहीत. जुलैत एजबॅस्टनला कसोटी सामना असला तर तेच. २ ते ६ जुलै २०२५ च्या सामन्यात शुभमन गिलने २६९ आणि १६१ केले आणि भारत तिथे पहिल्यांदा जिंकला. त्या आठवड्यात खोली शोधायची कल्पना करा.

२५ डिसेंबरला प्रवास ठेवूच नका. त्या दिवशी रेल्वे बंद, बस जवळपास नाहीत, दुकानं बंद. दुसऱ्या दिवशीही फारसं काही चालत नाही. विमान स्वस्त दिसतं म्हणून लोक नेमकी तीच तारीख घेतात आणि मग टॅक्सीला मोजतात.

मुंबईहून निघालेलं विमान सकाळी पोहोचलं तरी खोली दुपारी दोन-तीनच्या पुढेच मिळते. लवकर हवी असेल तर जादा पैसे. सामान ठेवून घेतात का, फुकट की पैसे देऊन, हे ई-मेलने आधी विचारा. सगळीच बजेट हॉटेलं ठेवत नाहीत.

तहारत, वुजू, नमाज

याबद्दल उघड कोणी बोलत नाही, म्हणून मीच लिहितो. संडासात जेट-स्प्रे नसतो, तांब्या नसतो, बादली नसते. प्लास्टिकचा हलका बदना बॅगेत टाका, नाहीतर पाण्याची रिकामी बाटली आहेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळी नसते. आपण इथे धडाधड पाणी ओततो तसं तिथे ओतलं तर ते दाराखालून कार्पेटमध्ये आणि खालच्या माणसाच्या छतात. नुकसानीचं बिल येऊ शकतं. वुजू बेसिनवर करताना खाली टॉवेल अंथरा. पाय धुवायचे तर टबच्या काठावर बसून टबमध्ये. गुडघे दुखणाऱ्यांना टबचा काठ ओलांडणं जड जातं, पडायची भीती. अशा बुजुर्गांसाठी बुकिंग करतानाच "वेट रूम" किंवा "वॉक-इन शॉवर" असलेली खोली मागा. या खोल्या अपंगांसाठी राखलेल्या असतात आणि मोजक्याच असतात, म्हणून खरी गरज असेल तरच.

किबला: पुण्यात आपण पश्चिमेकडे तोंड करतो. बर्मिंगहॅमहून मक्का आग्नेयेला आहे, उत्तरेपासून साधारण ११८ अंशांवर. सवयीने पश्चिमेकडे उभं राहू नका. मोबाइलचं होकायंत्र लोखंडी पलंगाजवळ चुकतं, खिडकीपाशी जाऊन बघा.

वेळांचा बेत डिसेंबर आणि जुलैत पूर्ण वेगळा. डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतो. फजर आरामात मिळते, पण जोहर-असर-मगरिब एकमेकांच्या पाठोपाठ, आणि नेमका समारंभ त्याच वेळात. विद्यापीठात नमाजची खोली कुठे आहे ते मुलाला आधीच विचारून ठेवा. जूनअखेर सूर्य साडेनऊनंतर मावळतो आणि पावणेपाचला उगवतो. इशा फार उशिरा आणि फजर लगेच. जवळच्या मशिदीचं वेळापत्रक घ्या. जमातीसाठी रात्री बाहेर पडायचं असेल तर मशीद चालत अंतरावर असणं किती कामाचं आहे, ते इथे कळतं.

कसरचं विसरू नका. हनफी मसलकात पंधरा दिवसांपेक्षा कमी राहायची नियत असेल तर कसर. कोकणी बांधव शाफई. त्यांच्याकडे येण्या-जाण्याचे दिवस सोडून पूर्ण चार दिवसांची नियत केली तर नमाज पूर्ण. एकाच खोलीत हनफी जावई आणि शाफई सासरे असतील तर निघण्याआधी आपापल्या इमाम साहेबांना विचारून घ्या.

खोलीत अगरबत्ती, लोबान काही लावू नका. धुराची घंटा वाजली की सगळं हॉटेल रस्त्यावर येतं.

खाणं

खोलीत किटली, चहाच्या पुड्या आणि कप बहुतेक ठिकाणी असतात. किटलीत फक्त पाणी उकळायचं, दूध किंवा नूडल्स नाही. नळाचं थंड पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या विकत घेऊ नका. घरून नेलेला चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खजूर, झटपट उपमा-पोह्यांची पाकिटं यांवर नाश्ता होतो. मांस आणि दुधाचे पदार्थ मात्र भारतातून न्यायला मनाई आहे. म्हणजे खिमा नको, पेढेही नको, मुलाला कितीही आवडत असले तरी.

हॉटेलचा इंग्लिश नाश्ता घ्यायचा का? त्यातला बेकन आणि सॉसेज डुकराचे असतात. अंडी, बीन्स, मशरूम, टोस्ट, फळं उरतात. अंडी कुठल्या तव्यावर तळली ते विचारायला लाजू नका. प्रीमियर इनमध्ये एका मोठ्या माणसाने पूर्ण नाश्ता घेतला की सोळाखालच्या दोन मुलांचा नाश्ता फुकट, ही सवलत वर्षानुवर्षं आहे. बहीण-भाऊ बरोबर असतील तर परवडतं. नुसते अब्बा-अम्मी असतील तर जवळच्या सुपरमार्केटमधून ब्रेड, अंडी, केळी आणणं स्वस्त.

"हलाल" पाटी प्रत्येकाची सारखी नसते. एचएमसीचं प्रमाणपत्र जनावराला आधी बेशुद्ध करायला परवानगी देत नाही. एचएफएचं काही पद्धतींना देतं. ज्यांना फरक पडतो त्यांनी दुकानातलं प्रमाणपत्र बघावं. दही, गोळ्या, केक यांत जिलेटिन असू शकतं. शाकाहारी चिन्ह पाहून घेतलं तर तो प्रश्न सुटतो, दारूच्या अर्काचा मात्र नाही, त्यासाठी यादी वाचावीच लागते.

रिसेप्शनवर

बरेच पालक हळू आवाजात विचारतात, आपलं नाव, दाढी, हिजाब बघून खोली नाकारली तर? इंग्लंडात २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट आहे. धर्मावरून सेवा नाकारणं हा कायद्याचा भंग आहे, आणि हॉटेल ही सेवाच. निकाहनामा, आधार काही मागत नाहीत. १९७२ च्या हॉटेल रेकॉर्ड्स ऑर्डरप्रमाणे सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाचं नाव आणि राष्ट्रीयत्व लिहून घ्यावं लागतं. पासपोर्ट नंबर त्या कायद्याने परदेशी पाहुण्यांचा लागतो आणि राष्ट्रकुलातले म्हणून भारतीय त्या व्याख्येत येत नाहीत. तरी ओळख म्हणून पासपोर्ट मागितला तर दाखवा, वाद घालायचं कारण नाही.

बातम्यांत दिसणाऱ्या हॉटेलांबाहेरच्या निदर्शनांचीही भीती असते. ती सरकारने आश्रय मागणाऱ्यांसाठी घेतलेली हॉटेलं आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये रॉदरहॅमला अशाच एका हॉटेलवर जमावाने हल्ला केला होता. ही हॉटेलं सहसा बाहेरच्या पाहुण्यांना खोल्या देत नाहीत, म्हणून तुमचं बुकिंग तिथे होणार नाही. पण त्या दिवसांत शहरात काही तणाव असेल तर मुलाला माहिती असते. संध्याकाळी बाहेर पडण्याआधी त्याला एक फोन करा.

साखळीच्या अधिकृत साइटवर किंवा नावाजलेल्या बुकिंग साइटवरच पैसे भरा. फेसबुकवर "युनिव्हर्सिटीजवळ फ्लॅट, अर्ध्या भाड्यात" असं लिहून आगाऊ रक्कम थेट खात्यात मागणाऱ्यांपासून लांब राहा, समोरचा सलाम करून उर्दूत बोलत असला तरी. बुकिंगचा नंबर कागदावर छापून घ्या, विमानात चार्जिंग संपतं. आणि तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग इथूनच घेऊन जा. आपला गोल पिनांचा चार्जर तिथल्या भिंतीत बसत नाही, आणि विमानतळावर तोच प्लग चौपट किमतीला मिळतो.